इशारा पातळी

कोल्हापुरात पावसाळ्यात दोन आकडे लहान पोरांनाही पाठ असतात. ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर गेली की धोका पातळी. जुलै उजाडला की चहाचं आधण ठेवता ठेवता मोबाईलवर पातळी बघायची, ती भाजीवालीला सांगायची आणि संध्याकाळी गाडी काढून पाणी बघायला जायचं, ही इथली रीतच आहे.

आमच्या घरात हे दोन आकडे एका पिवळ्या बादलीच्या आतल्या बाजूला लिहिलेले आहेत. लेक दहावीत होता तेव्हा अभ्यास सोडून त्यानं पक्क्या शाईच्या मार्करनं ही कारागिरी केली. निम्म्यावर ३९, काठाखाली चार बोटं ४३. ३९ ला नुसतं लक्ष ठेवायचं. ४३ ला जो कोण घरात असेल त्यानं हातातलं काम टाकून उठायचं आणि बादली मोरीत ओतून यायची. हॉलच्या कोपऱ्यात टपकायला लागलं की आतून आरोळी यायची, "राधानगरीचा दरवाजा उघडला!" राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. आमच्याकडे एकच, पण तोही स्वयंचलित.

आमची इमारत राजारामपुरीतली, १९९२ सालची. खाली दोन दुकानं, वर तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. आम्ही २००४ मध्ये दुसऱ्या मजल्यावर आलो. वर तिसऱ्या मजल्यावर काकू. काका गेल्यापासून एकट्याच, मुलं पुण्याला. काकू अस्सल पेठेतल्या. म्हणजे "मी येतो", "मी जेवलो", "मी झोपलो होतो गं" अशा बोलणाऱ्या. कोल्हापूरच्या बायकांचं हे बोलणं बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. पुण्याहून आलेल्या माझ्या जावेला पहिल्यांदा फोनवर काकूंचं "मी आलो होतो की खाली" ऐकून वाटलं, कुणी काकाच बोलताहेत.

पहिला डाग दिसला तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये. तारखेसकट लक्षात राहावा असाच तो आठवडा होता. पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, दूध नाही, भाजी नाही, पेट्रोल नाही. पुराच्या पट्ट्यातल्या ओळखीच्या घरांत माणसं गच्चीवर जाऊन बसलेली. आणि आमच्याकडे बाथरूमच्या भिंतीला लागून हॉलच्या छतावर एक तांबूस गोल. चहाचा कप ठेवल्यासारखा. त्याबद्दल कुणापाशी बोलायचीसुद्धा लाज वाटावी असे ते दिवस. मैत्रिणीच्या घरातला फ्रिज पाण्यावर तरंगत होता आणि मी तिला काय सांगणार, माझ्या स्लॅबला ओल आलीय म्हणून? तेव्हा गप्प बसले. नंतर दिवाळीला पेंटरनं पुट्टी भरून दोन हात मारले, डाग गेला. डाग गेला म्हणजे ओल गेली, असं समजायचं आमचंही वय नव्हतं. पण सोयीचं होतं.

२०२१ च्या जुलैत तो पुन्हा उगवला, आणि या खेपेला जागा मागतच आला. आमच्याकडे त्याचं वर्णन तालुक्यांच्या भाषेत व्हायचं. आधी करवीर तालुक्याएवढा होता. मग त्यानं पन्हाळा घेतला, कागल घेतलं. पंखा म्हणजे चंदगड. तिथपर्यंत पोचला तर मात्र वायरमनला बोलवायचं, असं ठरलेलं. कारण स्लॅब ओतताना वायरिंगच्या नळ्या आतच टाकलेल्या असतात, आणि पाण्याला एकदा ती नळी सापडली की ते आरामात पंख्याच्या डब्यापर्यंत चालत येतं. पोपडे सोफ्यावर पडायचे. कपाटातल्या साड्यांना कुबट वास. पुट्टी फुगून तिच्याखाली पांढरी पिठासारखी भुकटी जमायची, तो लोणा. बोट लावलं की गळून पडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं शहरात आणायला केवढी वर्षं गेली, केवढी आंदोलनं झाली. आमच्या हॉलमध्ये थेट पाणी आलं ते कुणाच्याही मंजुरीशिवाय.

माझं लहानपण शिवाजी पेठेतल्या कौलारू घरात गेलं. तिथं गळत नव्हतं असं नाही. चांगलं गळायचं. पण त्या गळण्याला एक वेळापत्रक होतं. वैशाख आला की आज्जी शाकारणीवाल्यांना सांगावा धाडायची. दोन माणसं यायची. एक आढ्यावर बसायचा, दुसरा खालून झेलायचा. कौलं उतरवायची, खराट्यानं झाडायची, फुटकी बाजूला काढायची, वासे-रिपा ठोकून बघायच्या आणि पुन्हा खालून वर एकावर एक चढवत न्यायचं. दिवसभर घरात आभाळ दिसायचं. चुलीवर धूळ पडायची म्हणून त्या दिवशी भाकरी शेजारून यायच्या. फुटकी कौलं किती निघाली यावरून माकडांचा आणि क्रिकेट खेळणाऱ्या आम्हा पोरांचा हिशोब व्हायचा.

एवढं करूनही ऐन तरण्या पावसात एखादी धार लागायचीच. मग आज्जी उठायची आणि कोपऱ्यातली लांब काठी घ्यायची. टोकाला चिंधी गुंडाळलेली. माजघरात उभी राहून वर बघत ती काठीच्या टोकानं आतूनच कौल अर्धा बोट वर सरकवायची. एकदा इकडं, एकदा तिकडं. धार बारीक व्हायची, ठिबक व्हायची, थांबायची. काठी कोपऱ्यात आणि आज्जी परत वाती वळायला. सगळं मिळून पाच मिनिटं. पाऊस बाहेर कोसळतोय आणि छप्पर दुरुस्त झालंय, घरातल्या घरात, एका काठीवर. मला त्यात काही विशेष वाटायचं नाही. आता स्लॅबकडे बघत सोफ्यावर बसले की त्या काठीची फार आठवण येते.

स्लॅबला काठी लावून भागत नाही. आणि त्याला वैशाख माहीत नाही. उन्हाळ्यात ओल सुकते, डाग फिका पडतो, सुट्ट्या असतात, लग्नं असतात, आणि माणूस म्हणतो बघू. मृग निघतो, पहिली सर येते, टपकायला लागतं आणि मग धावत गवंडी गाठावा तर तो म्हणतो, आता पावसात काय काम करणार? दिवाळीनंतर बघू. पावसात काम होत नाही आणि उन्हाळ्यात आठवण होत नाही. जुन्या इमारतींमधल्या निम्म्या गळत्या या एका फटीत वर्षानुवर्षं राहतात, असं माझं मत आहे.

२०२२ च्या फेब्रुवारीत मात्र आम्ही हलवलं. एक प्लंबर आला. त्यानं छताकडे बघितलं, मग सरळ वर बोट केलं. "वर बाथरूम आहे? मग दुसरं काय असणार?" त्याचं म्हणणं खोटं वाटावं असं नव्हतंच. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली सोडलेला असतो. त्या खड्ड्यात पाईप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात, त्यावर फरशी. तीस वर्षांत न्हाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या जाळीखाली पाणी उतरतं त्या भांड्याचा, सांधा सुटतो, फरशीच्या फटीतलं सिमेंट झिजतं, आणि तो भरलेला खड्डा स्पंजासारखा पाणी धरून बसतो. खाली राहणाऱ्याला ते पाणी हप्त्याहप्त्यानं मिळतं. हे सगळं त्यानं मला मोजून दहा मिनिटांत पटवलं. मी ते काकूंना सांगायला वर गेले.

जाताना मनात भांडणाची तयारी होती, हे कबूल करते. या बाबतीत ऐकलेल्या गोष्टीच तशा असतात. वरचा म्हणतो, माझं बाथरूम कोरडं आहे, तुमचं तुम्ही बघा. खालचा म्हणतो, तुमच्या आंघोळीचं पाणी माझ्या देव्हाऱ्यावर पडतंय. मग लेखी तक्रारी, मग जिन्यात तोंडं फिरवणं. आमच्याच गल्लीत एका इमारतीत दोन घरांचं बोलणं असं बंद झालंय की हळदीकुंकवाची ताटंसुद्धा तिसऱ्या घरातून जातात.

काकूंनी मला बसवलं. ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माझ्या बाथरूमचं पाणी हाय म्हणतीस? बरं. मग फोडू या की. तुझ्या डोक्यावर माझं आंघोळीचं पाणी पडतंय म्हटल्यावर मला तरी घास कसा जाईल गं?"

मुलाला फोन करून त्यांनी पैसे मागवले. सत्तर हजारांच्या वर खर्च आला. अठरा दिवस त्या आंघोळीला आमच्याकडे यायच्या. पहाटे साडेपाचला, हातात टॉवेल आणि साबणाची डबी घेऊन. कोबा फोडतानाचा घणाचा आवाज आमच्या टाळूत बसायचा. मलबा गोण्यांत भरून खाली गेला, नवे पाईप, नवा ट्रॅप, केमिकलचे दोन हात, पाणी कोंडून चाचणी, नवी फरशी. काकूंना फरशीचा रंग आवडला नव्हता. "लईच दवाखान्यासारखं दिसतंय," एवढंच म्हणाल्या.

जुलैत तरणा पाऊस सुरू झाला. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात टप्प. मग टप्प टप्प. लेक बादली घेऊन आला. आरोळी कुणीच दिली नाही.

काकूंना सांगायचं कसं? मी चार दिवस सांगितलंच नाही. पाचव्या दिवशी त्याच खाली आल्या, "मी कालच आलो होतो, तू नव्हतीस," असं म्हणत आत आल्या आणि बादली बघितली. आतले आकडे वाचले. छताकडे बघितलं. आणि मला म्हणाल्या, "चहा टाक."

एवढं झाल्यावर दोन वर्षं आम्ही काहीच केलं नाही. राग नाही, भांडण नाही, पण उमेदच गेली. मग २०२४ च्या मार्चमध्ये कुणीतरी पाचगावच्या एका गवंडीमामांचं नाव सुचवलं. साठीच्या पुढचे, डोक्याला टॉवेल, खिशात मिस्त्रीची चपटी पेन्सिल. त्यांनी आल्या आल्या वर बोट केलं नाही. थापीच्या मुठीनं छत ठोकत ठोकत फिरले. कुठं खणखणीत वाजलं, कुठं बद्द. बद्द वाजेल तिथं पेन्सिलीनं फुली. दोन ठिकाणी प्लास्टरच्या खपल्या हातानंच काढल्या आणि आतली सळी दाखवली. काळपट असायला हवी ती तांबडी, पापुद्रे सुटलेली. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, ते फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलून देतं. म्हणजे आमच्या सोफ्यावर पडत होते ते पोपडे वरून नाही, आतून ढकलले जात होते. तो भाग बघून मी पहिल्यांदा घाबरले. तोवर गळती हा माझ्या लेखी सोफ्याचा आणि साड्यांचा प्रश्न होता.

मग मामांनी विचारलं, "ताई, हे कवा गळतंय?"

"पावसाळ्यात."

"फक्त पावसाळ्यात?"

"हो. उन्हाळ्यात सुकतं."

मामा टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "मग एक विचारू का? उन्हाळ्यात काकू आंघोळ करत न्हाईत व्हय?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. पाच वर्षं आम्ही त्या डागाखाली बसून चहा पीत होतो. घरात दोन पदवीधर माणसं. हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता.

मामांचा हिशोब साधा होता. बारा महिने, रात्रंदिवस सारखं गळत असेल तर नळाच्या पाण्याचा पाईप. आंघोळी झाल्यावरच वाढत असेल तर ट्रॅप नाहीतर फरशी. पावसातच गळत असेल तर गच्ची, नाहीतर बाहेरची भिंत, नाहीतर पावसाळी पाण्याचा पाईप. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात येतंय की दोन दिवसांनी, तेही बघायचं. लगेच येत असेल तर वाट मोकळी आहे. दोन दिवसांनी येऊन पाऊस थांबल्यावरही चार दिवस टपकत असेल तर कोब्यात मुरून येतंय. आणि वर बघायचं, पण सरळ वर नाही. पाणी ढाळ बघून आडवं चालतं, दहा-बारा फूटसुद्धा, आणि त्याला सोयीचं भोक सापडेल तिथं उतरतं.

त्यांनी माझ्याकडे कपड्यांना घालायची पातळ नीळ मागितली. दोन बाटल्या आणल्या, चाळीस रुपयांच्या आत काम. एक बाटली काकूंच्या नव्या बाथरूममध्ये. ट्रॅप चिंध्यांनी घट्ट बंद करून चार बोटं पाणी भरलं, त्यात नीळ. दवाखान्यासारख्या त्या फरशीवर निळंशार तळं. चोवीस तास काकू पुन्हा आंघोळीला आमच्याकडे. दुसऱ्या दिवशी आमचं छत होतं तसं, कोरडं. त्या सत्तर हजारांचं काम चोख होतं, यात शंका नाही. फक्त त्याची गरज नव्हती.

दुसरी बाटली गच्चीवर. आमच्या बाजूच्या कोपऱ्यात कठड्याच्या बुडाशी पावसाळी पाणी उतरायचं भोक आहे. त्यात मामांच्या हाताखालच्या पोरानं निळ्या पाण्याच्या बादल्या ओतायला सुरुवात केली. मी खाली, हॉलमध्ये, स्टुलावर. जिन्यातून ओरडून निरोप चाललेले. तिसरी बादली. पाचवी. आठवी. मार्च महिना, बाहेर रखरखीत ऊन. आणि छताच्या त्या कोपऱ्यात, जिथं पुट्टीचा पापुद्रा उचललेला होता, तिथं एक ओला ठिपका गडद होत गेला. मग त्याच्या मधोमध पाणी जमून थेंब लोंबायला लागला. आधी पांढरा, मग कडेनं फिकट, मग ज्वारीच्या दाण्याएवढा स्वच्छ निळा थेंब. तो पडेना. जड होत गेला, थरथरला, आणि माझ्या मनगटावर पडला.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी काकूंची साबणाची डबी आठवली.

तो पाईप भिंतीच्या कोपऱ्यात विटांत झाकलेला. जुना सिमेंटचा, तुकड्या-तुकड्यांचा, एकात एक बसवलेला. दिसायला बरं दिसावं म्हणून त्या काळात असे पाईप आत गाडून टाकत. आणि गच्चीवर, त्या भोकाच्या तोंडाशी, पिंपळ. हातभर उंचीचा, तांबूस कोवळ्या पानांचा, देखणा. तो सगळ्यांना माहीत होता. गच्चीवर सांडगे-पापड घालणाऱ्या प्रत्येक बाईनं तो वाढताना बघितला होता. उपटला कुणीच नाही, कारण पिंपळ. कुणी म्हणायचं पिंपळ तोडला तर वंशाला लागतं, कुणी म्हणायचं मुंजा असतो, कुणी नुसतंच "आपण कशाला". एकदा कुणीतरी मुळाशी हिंग घालून बघितला होता. पिंपळानं तो मानवून घेतला.

मामांनी काकूंच्या हॉलमधलं लोखंडी कपाट सरकवायला सांगितलं. त्यामागची भिंत वीतभर उंच लोण्यानं पांढरी झालेली. काकूंनी कपाळाला हात लावला. त्यांच्याकडेही होतंच की, कपाटाआड. विटा फोडून पाईप उघडा केला तेव्हा आत पाईप दिसेचना. मुळांची जट. जटा झालेल्या केसांसारखी, पाईपाच्या गोल आकाराची, दोन मजले लांब. सांध्यातून आत शिरलेलं एक सुतासारखं मूळ पाणी शोधत खाली गेलं होतं आणि वाटेत त्याचं सगळं खानदान झालं होतं. पाऊस आला की पाणी त्या जटेवर तुंबायचं, मागं चढायचं आणि काकूंच्या जमिनीच्या पातळीवरच्या सुटलेल्या सांध्यातून स्लॅबवर पसरायचं. तिथून आमच्याकडे.

आता खर्चाची मीटिंग. आमची सहकारी सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. रुईकर कॉलनीतल्या मैत्रिणीकडे सोसायटी आहे, तिच्या उपविधीतच लिहिलंय की पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाईपची गळती आणि गच्चीतून झिरपून वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान सोसायटीनं बघायचं, संडास-बाथरूम-सिंकची घरातली गळती ज्याची त्यानं. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड दरसाल जमतो. आमच्याकडे महिन्याला तीनशे रुपये, त्यात जिन्यातला लाईट, पाण्याची मोटर आणि झाडणारी बाई. शिल्लक एकदा मोजली तेव्हा अकराशे निघाली.

तळमजल्याचे दुकानदार म्हणाले, "आमचा गच्चीशी काय संबंध? आम्ही कधी वर आलोय तरी का?" यावर पहिल्या मजल्यावरचे आजोबा, कोर्टात कारकून होते, त्यांनी एक फाईल उघडली. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७०. आमच्या इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र. त्यात प्रत्येक फ्लॅटचा, प्रत्येक दुकानाचा सामाईक भागातला टक्का लिहिलेला. खर्च त्या टक्क्यानं वाटायचा. आणि मी सामाईक जागा वापरत नाही म्हणून वर्गणी देणार नाही, असं कुणाला म्हणता येत नाही, हे कायद्यातच आहे. आजोबांनी ते वाक्य चष्मा पुसून दोनदा वाचलं. तीस वर्षं ती फाईल त्यांच्या ट्रंकेत होती. दुकानदार कुरकुरले, पण दिले. एकानं दोन हप्त्यांत.

काकूंनी मीटिंगमध्ये बाथरूमचा विषय काढला नाही. मी काढायला हवा होता. तोंडापर्यंत आलं होतं. आजोबा टक्क्यांची बेरीज करत बसले, कुणीतरी सरबत फिरवलं, आणि राहून गेलं. नंतर एकदा मी अर्धे पैसे द्यायची भाषा केली तर काकू म्हणाल्या, "माझं बाथरूम नवं झालं की गं. तू का पैसे देतीस?" यावर काय बोलायचं?

पिंपळ काढायला इमारतीतलं कुणी तयार होईना. मामांनीच एका सकाळी नारळ ठेवला, काकूंनी हळदकुंकू वाहिलं, पुटपुटत माफी मागितली आणि मग पोरानं छन्नी घातली. वरचं रोप काकूंनी तेलाच्या डब्यात लावलं, टेंबलाईकडं कुठंतरी मोकळ्या जागेत नेऊन लावू म्हणून. ते तगलं नाही. जुना पाईप वरून-खालून बंद करून बाहेरच्या भिंतीवरून चार इंची नवा पीव्हीसी पाईप घेतला. दिसायला कुरूप आहे, पण डोळ्यासमोर आहे. गच्चीच्या त्या कोपऱ्यातला कोबा उकलून शंभराला एक असा ढाळ पुन्हा दिला, कठड्याच्या बुडाशी गोलाई केली, आमच्या छतातली सळी तारेच्या ब्रशनं घासून, गंज मारायचा रंग लावून वर नवा थर चढवला. मे महिन्याच्या वीस तारखेला मामांनी थापी धुतली.

त्या वर्षी आमचा कोपरा कोरडा राहिला. बादली आधी कोपऱ्यातच होती, मग दिवाळीत माळ्यावर गेली. मी मात्र वैशाखात गच्चीवर एक फेरी मारायला लागले. भोकावरची जाळी साफ करायची, पानं काढायची, कठड्याच्या फटीत कुठं दोन तांबूस पानं दिसतात का बघायचं. दिसली तर तिथल्या तिथं चिमटीनं उपटायची. मुंजा अजून मोठा झालेला नसतो तेवढ्यात.

गेल्या जुलैत, रात्री दहाच्या सुमारास, काकूंचा फोन. बाहेर पाऊस नुसता ओतत होता.

"जागी हाईस न्हवं? ती आकड्यांची बादली हाय का गं तुझ्याकडं? मला दे जरा."

मी माळ्यावरून बादली काढली, पुसली, वर गेले. काकूंच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, छताला ओला गोल. मामांनी केला त्या कोपऱ्यापासून हा भाग लांब, गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथला कोबा अजून १९९२ चाच. खाली कुकरचं भांडं ठेवलेलं, ते भरत आलेलं. मी बादली ठेवली. पहिला थेंब रिकाम्या प्लास्टिकवर मोठ्यानं वाजला.

काकू पदर खोचून, कमरेवर हात ठेवून वर बघत उभ्या.

"तुझं बरं होतं बघ," त्या म्हणाल्या. "तुझ्या वर मी होतो. आता माझ्या वर कोण राहतंय? मी कुणाकडं जाऊन भांडू?"

मग त्यांनीच चहा टाकला.